वायरीवरची गाठ

“मग एवढंच सांगा वस्ताद, खोटं कोण बोलतंय? मशीन का माझा भाऊ?”

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. ते विळ्याला धार लावत होते. दगडावर पाणी शिंपडलं, विळा दोनदा फिरवला, अंगठ्यानं धार चाचपली आणि पुन्हा दगडावर टेकवला.

संपतराव सूर्यवंशी उभाच होता. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, ही वस्तादांच्या शेडमधली जुनी रीत. आणि आज वस्ताद बस म्हणत नव्हते. यातही काहीतरी आहे, असं संपतरावाला वाटलं. हल्ली त्याला सगळ्यातच काहीतरी आहे असं वाटायचं.

पलूसच्या अलीकडं, रस्त्याला लागून वस्तादांची शेड होती. चाळीस वर्षं तिथं जीप, ट्रॅक्टर, टेम्पो दुरुस्त झाले. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शेड बंद झाली आणि वस्ताद बापजाद्यांच्या धार लावायच्या धंद्यावर परत आले. शिकलगाराच्या दारातले विळे-कोयते कधी संपत नाहीत. तरी भागात कुठल्या गाडीवरनं वाद निघाला की माणसं अजून इथंच यायची. वस्ताद म्हणाले म्हणजे झालं, त्याच्या वर अपील नाही.

संपतराव त्यांचा चार वर्षांचा चेला. पुढं शिकला, आयटीआयमध्ये मोटारीचं काम शिकवायला लागला, गाडीचा बिघाड सांगणारा, हातात मावणारा स्कॅनर घेतला आणि बॉनेट उघडायच्या आधी स्क्रीन बघायला लागला. हुशार माणूस, त्यात वाद नाही. पण स्वतःच्या हुशारीचा त्याला घटकाभरही विसर पडत नसे.

भानगड अशी झाली होती.

दसऱ्याला धाकटा भाऊ हिंदुराव गाडी घेऊन सासुरवाडीला गेला, सोनं द्यायला. संध्याकाळी परत आला तो दारातनंच म्हणाला, आण्णा, इंजिनचा दिवा लागलाय बघा. समोरच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला होता.

दुसरा कुणी म्हणाला असता, बरं झालं सांगितलंस. संपतरावाच्या मनात आलं, एवढ्या लगेच का सांगितलं? चोराच्या मनात चांदणं.

त्यानं स्कॅनर लावला. हवेच्या पाइपावर एक सेन्सर असतो, आत किती हवा जाते ते मोजणारा. त्याचा निरोप मध्येच तुटतोय, असं स्क्रीननं सांगितलं. संपतरावानं ती नोंद पुसली. दिवा गेला. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना पुन्हा लागला. मग त्यानं बॅटरीची तार अर्धा तास सोडून ठेवली. दिवा गेला. दोन दिवसांनी पुन्हा हजर.

तेव्हा त्याच्या डोक्यात सगळं जुळलं. हिंदूच्या सासुरवाडीच्या वाटेवर ओढा आहे, आणि पूल लांबून पडतो. हिंदूनं गाडी ओढ्यात घातली असणार. आत पाणी गेलं असणार. आणि आता गडी मूग गिळून गप्प बसलाय.

गाडी दारात लावून संपतरावानं घरीच तपास मांडला. मॅट उचलून ओल बघितली. बंपरखाली वाकून चिखल बघितला. एअर फिल्टर काढून नाकाला लावून हुंगला. सगळं कोरडं ठणठणीत.

वाळवलं असणार, तो बायकोला म्हणाला.

तीनदा त्यानं भावाला विचारलं. दोनदा हिंदुराव म्हणाला, न्हाई आण्णा, पुलावरनंच गेलो. तिसऱ्यांदा त्यानं गाडीची किल्ली देव्हाऱ्यापुढं ठेवली आणि त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही. खरा असता तर भांडला असता, असा संपतरावानं त्याचा अर्थ काढला. आणि भांडला असता तर काय अर्थ काढला असता, ते सांगायला नको.

बघता बघता गोष्ट दिव्यावरनं चुलीवर गेली. आज गाडीचं लपवणारा उद्या आणखी काय लपवेल? दिवाळीच्या आत घरात मधली भिंत घालायची, फराळसुद्धा वेगवेगळा करायचा, असं संपतरावानं ठरवून टाकलं. गवंड्याला सोमवारी यायला सांगितलं.

वडील गेले तेव्हा हिंदू नऊ वर्षांचा होता. संपतरावानंच त्याला वाढवला होता, आधी त्याच्या ताटात घालून मग आपण जेवला होता. त्यामुळं भिंतीचा विचार आला की हातातला घास तो ताटात परत ठेवायचा. मग त्याचाही राग तो हिंदूवरच काढायचा.

आता फक्त वस्तादांच्या तोंडून एकदा निघायला हवं होतं की गाडीत पाणी गेलंय. त्यांच्या शब्दापुढं हिंदू बोलला नसता, आणि गावानंही थोरल्याला नावं ठेवली नसती. म्हणून तो गाडी घेऊन आला होता.

“किती दिवस झालं?” वस्तादांनी शेवटी विचारलं.

“आज अकरावा.”

“कुठं कुठं बघितलंस?”

संपतरावानं मॅटपासून फिल्टरपर्यंत सगळं सांगितलं. मी खंडेनवमीला धुऊनपुसून, पुजून दिलेली गाडी, असंही वर सांगितलं. सेन्सरवर वरनं टॉर्चचा उजेड टाकला होता, वायरींचा प्लग दिसायला जागच्या जागी होता, हेही सांगितलं. वर्गात सांगतात तसं क्रमानं सांगितलं.

वस्ताद ऐकत होते.

“म्हंजे हिंदूचा हात जिथं जिथं गेला असंल, तिथं सगळीकडं बघितलंस.”

“होय वस्ताद.”

“हं...”

त्या हुंकाराचा अर्थ काय, हे शोधत असताना संपतरावाची नजर खिडकीच्या चौकटीवर गेली. तिथं आपट्याची दोन पानं ठेवली होती, वाळून वाकडी झालेली.

त्याचे कान तापले.

“हिंदू आला होता इथं?”

“आला होता. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी. सोनं द्यायला उशीर झाला म्हणाला.”

म्हणजे आपल्या आधी येऊन म्हाताऱ्याला फितवून गेला! संपतरावाला सगळं लख्ख दिसायला लागलं. उभं का ठेवलं, उत्तर का देत नाहीत, सगळं.

“गाडीचं काय सांगितलं त्यानं?”

“गाडीचं न्हाई. तुझं सांगितलं. आण्णाचं जेवण तुटलंय म्हणाला. माझ्याकडं पाठ करून बसतोय म्हणाला. एकदा बोलवून बघा, काय दुखणंबिखणं हाय का.”

काय साळसूद आहे बघा, संपतरावाच्या मनात आलं. आधीच येऊन रडून ठेवलं. एवढा कधी शिकला हा?

वस्तादांनी विळा बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठले, चाचपडत गाडीपाशी आले.

“बॉनेट उघड. आणि लांब उभा ऱ्हा.”

संपतरावानं बॉनेट उघडलं आणि स्कॅनर पुढं केला. वस्तादांनी तो घेतला नाही. मग तो दोन पावलं मागं सरला, पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. लांब का उभं केलं? म्हातारा हिंदूच्या बाजूचा असला, आणि खिशातलं काही हळूच आत टाकलं, तर? ज्या माणसानं आपल्याला पाना धरायला शिकवलं त्याच्याविषयी असलं मनात येतंय, याची त्याला लाज वाटली. पण डोळे हटले नाहीत. वस्तादांच्या दोन्ही हातांवर त्यानं नजर रोखून धरली.

वस्तादांनी बाह्या कोपराच्या वर सारल्या. डोळे मिटले. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं म्हणा. बोटं फिल्टरच्या डब्यावरनं पाइपावर आली, पाइपावरनं सेन्सरवर. वरनं खरंच सगळं जागच्या जागी होतं. मग हात पाइपाच्या मागं, खाली उतरला. तिथं नजर पोचत नाही.

तिथं तो थांबला.

बराच वेळ थांबला...

मग तसाच रिकामा बाहेर आला.

“तुझा हात दे,” वस्ताद म्हणाले.

संपतरावाचं मनगट धरून त्यांनी तो हात पाइपामागं नेला आणि सोडून दिला.

आधी वायरींचं जुडगं लागलं. मग जुडग्यावर बारीक दोरा. दोऱ्याचं तुटकं टोक. आणि गाठ.

दोन वेढे, तिसरा उलटा, आणि मधनं काढलेलं टोक. कितीही हादरे बसले तरी न सुटणारी गाठ. वस्तादांच्या शेडमध्ये पहिल्या महिन्यात हीच शिकवायचे, आणि ती जमेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचे नाहीत. संपतरावाच्या बोटांनी ती न बघताच ओळखली.

त्यानं हात बाहेर काढला. बोटांना झेंडूच्या वाळक्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

बाहेरच्या पत्र्याला काय माळा घालता, आत राबणाऱ्याला घाला, ही वस्तादांचीच शिकवण. तेव्हापासून खंडेनवमीला संपतराव पुढच्या जाळीला एक माळ घालायचा आणि हातभर लांबीची दुसरी माळ बॉनेटच्या आत, इंजिनाला. आतली माळ तो दुसऱ्या कुणाला बांधू द्यायचा नाही. यंदा त्यानं ती या वायरींना बांधली होती. दसऱ्याला सकाळी हिंदुराव नवा सदरा घालून किल्लीसाठी दारात उभा होता. संपतरावानं घाईघाईनं माळ हिसडा देऊन ओढली. माळ हातात आली, दोरा तुटला, गाठ मागं राहिली. त्या हिसड्यानं वायरी ताणल्या आणि प्लग खालच्या बाजूनं खाचेतनं निम्मा सुटला. मग रस्त्यात खड्डा आला की तो हलायचा, आणि दिवा लागायचा.

संपतराव पाकळ्यांकडं बघत राहिला. या वस्तादांच्या खिशातल्या, असं म्हणायचीही सोय नव्हती. त्यानंच डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता.

“ही गाठ हिंदूला येती?” वस्तादांनी विचारलं.

येत असेल, असं म्हणायला संपतरावानं तोंड उघडलं. कुणीतरी शिकवली असेल, असंही म्हणायचं होतं. पण हिंदूला बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. सातवीपर्यंत रोज सकाळी संपतरावच ती बांधून द्यायचा, आणि हिंदू त्याच्या डोक्यावर हात टेकून एका पायावर उभा राहायचा.

“न्हाई,” तो म्हणाला. “ही मला येती.”

“आणि मला,” वस्ताद म्हणाले.

...

संपतराव खाली बसला. कुणी बस म्हटलं नव्हतं. तो मातीतच बसला. इतके दिवस त्यानं ज्या भावाच्या तोंडाकडं धड बघितलं नव्हतं, तो भाऊ इथं येऊन त्याचं जेवण तुटलंय म्हणून सांगून गेला होता. संपतरावाला रडू फुटलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

वस्ताद पुन्हा वाकले. प्लग चाचपला आणि अंगठ्यानं आत दाबला. खट् झालं. गाठ त्यांनी सोडवली नाही. तशीच राहू दिली.

थोड्या वेळानं संपतरावानं डोळे पुसले. उठला, कपडे झाडले. काम सापडलं म्हटल्यावर त्याच्या अंगात पुन्हा पहिला संपतराव यायला लागला होता. त्यानं किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं. गाडी छान बोलत होती. पिवळा दिवा मात्र तसाच होता.

जुनी नोंद आहे, तो म्हणाला, ती पुसली की जाईल, एका बटणाचं काम. स्कॅनरची पिन जोडता जोडता तो भराभर बोलायला लागला. गवंड्याला आजच फोन करून नको म्हणतो. घरात सांगतो, प्लग ढिला होता, रस्त्यानं निघाला असेल. कुणाचंच नाव घ्यायला नको. झालं गेलं गंगेला मिळालं, उगाच वाढवायचं कशाला...

त्याचं बोट बटणावर गेलं.

वस्तादांचा हात मध्ये आला. ग्रीसनं आणि दगडाच्या पाण्यानं काळा झालेला तळवा स्कॅनरच्या सबंध स्क्रीनवर पसरला.

“ह्यो कधी हिंदूच्या हातात दिला हुतास?”

“न्हाई वस्ताद. त्याला त्यातलं काय कळत न्हाई.”

वस्तादांनी पिन उपटली. वायर गुंडाळली, स्कॅनर संपतरावाच्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि खिसा वरनं थोपटला. मग चाचपडत दगडापाशी जाऊन बसले. विळा उचलला. पाणी शिंपडलं.

संपतराव गाडीत तसाच बसून होता. समोर पिवळा दिवा.

“आता काय करू वस्ताद?”

विळा दगडावर एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला.

“ह्यो दिवा असाच लागलेला घिऊन घरी जा,” वस्ताद म्हणाले. “मालवू दे हिंदूला.”