पेरलेल्या चुका

एकदा एका तरुणाने एकट्यानेच अख्खी मैफल उभी करायचे ठरवले. गावच्या भजनी मंडळात तो तबला शिकला होता. पुढे नोकरीसाठी शहरात आला, मंडळही पांगले, आणि संध्याकाळच्या सोबतीला उरला तो संगणक. त्यात म्हणे सगळी वाद्ये मिळतात. मिळतातही! मंडईत वांगी निवडावीत तसे त्याने एकेका वाद्याचे आवाज पारखले. फुंकरीसकट ऐकू येणारी बासरी घेतली, भात्याची धाप असलेली पेटी घेतली. तरीही गाणे लावले की खोली अधिकच रिकामी वाटे.

गाणे फार अचूक झाले असेल, असे वाटून त्याने संगणकाकडून त्यात बारीक चुका पेरून घेतल्या. तबला किंचित मागे, बासरी किंचित पुढे. तेवढ्यानेही गाण्यात जीव आला नाही. आता संगीत सोडावे, असे त्याच्या मनाने घेतले. सोडण्यापूर्वी एकदा बुवांना ऐकवावे म्हणून तो गावी गेला. मंडळाचे हे वृद्ध बुवा आता घरी एकटेच असत.

बुवांनी डोळे मिटून गाणे शेवटपर्यंत ऐकले.

"बासरी कोणाची रे?"

"कोणाचीच नाही बुवा, संगणकातली आहे. खरी वाटावी म्हणून चुकासुद्धा टाकल्यात."

"बासरी गोड आहे," बुवा म्हणाले आणि त्यांनी पेटी पुढे ओढली. "तो तबला घे."

बुवांनी जुना अभंग धरला. दुसऱ्या ओळीच्या ऐन मध्यात ते थांबले. तांब्या उचलून सावकाश पाणी प्यायले, पंच्याने तोंड पुसले, खिडकीबाहेर पाहत बसले. तरुण गोंधळला, पण त्याचे हात थांबले नाहीत. ठेका हलका करून तो बुवांच्या तोंडाकडे पाहत राहिला. बुवांनी मान हलवली, राहिलेली ओळ उचलली, आणि दोघे एकदमच समेवर आले.

"मध्येच का थांबलात, बुवा?"

"तू काय करतोस ते पाहायला. वाद्ये तू उत्तम निवडलीस, बाळा. चुकाही पेरल्यास. पण तुझा तबला मागे पडतो, त्याची बासरीला खबरच नाही. जो तो आपल्या नादात. मैफलीत एक अडखळला की शेजारचा त्याला सांभाळून घेतो, आत्ता तू मला घेतलंस तसं. ऐकणाऱ्याला ते कळतं, आणि त्याला बरं वाटतं. ते तू एकट्याने कुठून आणशील?"

तरुणाला भडभडून आले. गाव सुटल्यापासून कोणी त्याच्यासाठी थांबले नव्हते, आणि तोही कोणासाठी थांबला नव्हता. बराच वेळ तो तबल्याच्या शाईवरून बोट फिरवत बसला.

"माझ्या गाण्यात तुम्ही गाल का, बुवा?"

"दम पुरत नाही रे आता. ओळीओळीला अडकेन."

"अडका. मी ठेका धरून बसतो."

बुवांनी पेटीचा भाता पुन्हा उघडला.