राणूआप्पाचं गुळगुळीत जातं

तुम्ही आधी ठरवता आणि कारणं मागाहून गोळा करता. वर पुन्हा सांगता, की कारणांनीच आम्हाला इथवर आणलं. कोण, ते विचारू नका. ज्याला लागेल त्यानं लावून घ्यावं, आणि मोरखिंडीच्या राणूआप्पाची गोष्ट ऐकावी.

फार वर्षांमागची गोष्ट. घाटाच्या माथ्यावर मोरखिंड नावाचं गाव होतं, अजूनही आहे. तिथं राणूआप्पा निवाडे करायचा. आसपासच्या गावांतली माणसं भांडणं घेऊन त्याच्या खळ्यावर यायची. आप्पा मधे बसायचा, दोन बाजूंना दोन सुपं ठेवायचा. ज्या बाजूनं मुद्दा निघेल त्या सुपात एक खडा टाकायचा. शेवटी खडे मोजायचे. रडणं नाही, ओरडणं नाही, नातंगोतं नाही. हरलेला माणूससुद्धा मान डोलवत घरी जायचा, असं म्हणतात.

एका वर्षी ऐन वैशाखात गावदेवीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले. त्याच आठवड्यात गोजरा गावात आली होती. गोजरा टाकी लावणारी, म्हणजे झिजलेल्या जात्यांना छिन्नीचे बारीक घाव घालून पुन्हा खरबरीत करणारी. तिला गाव नव्हतं. तिचं घर गाढवाच्या पाठीवर होतं.

लोकांनी तिला खळ्यावर आणून उभं केलं. अंगभर दगडाची पांढरी पूड, आणि नजर सरळ आप्पाच्या तोंडावर. आप्पाच्या पोटात काहीतरी ढवळलं. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. तो खडे टाकू लागला. ती देवळाच्या ओट्यावर सावलीला बसली होती, एक खडा. तिच्याकडं छिन्नी होती, दुसरा. गावात परकी तीच, तिसरा. असे पंधरा खडे झाले. तिच्या सुपात एकही नव्हता, कारण तिच्या बाजूनं बोलणारंच कुणी नव्हतं.

"तुला काही सांगायचंय?" आप्पानं विचारलं.

"सांगायचं न्हाई, इचारायचंय," गोजरा म्हणाली. "मला बघताच तुमच्या पोटात काय आलं वो आप्पा? ते आधी बोला. खडे मागनं टाका."

"पोटात भाकरी आली!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळं खळं हसलं. आप्पा हसला नाही. त्यानं निवाडा दिला. गोजराची छिन्नी डोहात फेकली गेली, आणि भर उन्हात तिला खिंडीपार हाकललं.

त्यानंतर गावातली जाती रुसली, असं म्हणतात. वरून दाणा घालावा तसा अख्खा खाली पडायचा. दुसरीकडून टाकीवाले आणले, तर त्यांच्या छिन्न्या दगडावरून नुसत्या घसरायच्या. पोरंबाळं उकडलेली ज्वारी खाऊन कंटाळली.

श्रावणात गुरव गाभाऱ्यातली तीर्थाची नाळी साफ करायला बसला, आणि गाळातून देवीचे दोन्ही डोळे निघाले. ते लाखेनं चिकटवलेले होते. वैशाखाच्या उकाड्यात लाख पातळ झाली आणि डोळे घसरले, इतकंच घडलं होतं.

गुरव ते पंच्यात लपवून आप्पाकडं आला. "आप्पा, गुपचूप परत चिकटवतो. देवीनं कौल दिला म्हणून सांगू. तुमचा शब्द तरी राहील. ती बाई काय, कुठं गेली कुणाला ठाव."

त्या बोलण्याच्या बाजूनं आप्पाला लगेच चार खडे सुचले. ते इतक्या पटकन सुचले, की त्याला स्वतःचीच भीती वाटली. पोटात पुन्हा ढवळलं. या खेपेला त्यानं तिकडं लक्ष दिलं. ती लाज होती.

तो खिंड उतरला. सहा बाजार हिंडला. सातव्या बाजारात गोजरा भेटली. छिन्नी नव्हती म्हणून रस्त्याकडेला खडी फोडत होती. आप्पानं हात जोडले. "बाई, चूक झाली. पण तू ओट्यावर बसली होतीस, गावात दुसरं परकं कुणी नव्हतं, तेव्हा..."

"अजून खडेच टाकताय व्हय?" गोजरानं मान वर न करता विचारलं.

आप्पानं जोडलेले हात खाली घेतले. मग तो म्हणाला, "तुला बघून मला किळस आली होती. तू नजर खाली घातली नाहीस, त्याचा राग आला होता. मी तेव्हाच ठरवलं होतं."

"हे मला हितं नगं," ती म्हणाली. "जिथं मला उभी केली तिथं बोला."

आप्पा गावात परतला. खळ्यावर गोजरा जिथं उभी होती तिथं उभा राहिला आणि सगळ्यांसमोर तेच बोलला, एक शब्द न गाळता. तेव्हा सुपात तसेच पडून असलेले ते पंधराही खडे तडकले आणि आत नुसती माती निघाली, असं म्हणतात. कुणी मान वर करेना. भाकरीवरून हसलेले सगळे तिथंच होते, आणि त्या दिवशी त्यांच्याही पोटात तेच आलं होतं.

ही बातमी बाजारात पोचली, मग गोजरा आली. नवी छिन्नी घेऊन घरोघर बसली, आणि गावात पुन्हा पीठ पडू लागलं. आप्पाच्या जात्याला मात्र तिनं हात लावला नाही. आप्पानंही लाव म्हटलं नाही. तो मरेपर्यंत कांडलेलं खाऊन राहिला. त्याच्या जात्यावर आजही छिन्नी चालत नाही, असं म्हणतात.

ते जातं आता खळ्यावर मांडलेलं आहे. मोरखिंडीत आजही कसलाही निवाडा असला, की निवाडा देणारानं त्या गुळगुळीत दगडावर हात ठेवायचा आणि समोरच्याला बघून पोटात काय आलं ते आधी सगळ्यांना ऐकवायचं. कारणं त्यानंतर. ती हवीतच, पण त्यांच्या आड कुणी लपायचं नाही.

गेल्या वर्षी गावाखाली पालं टाकून राहिलेल्या माणसांना हातपंपावर पाणी भरू द्यायचं का, असा प्रश्न आला. पालातल्या दोन बाया कडेवर पोरं घेऊन समोर उभ्या होत्या. सरपंचांनी दगडावर हात ठेवला आणि गप्प बसले. घाम पुसला. शेवटी कडेला शेंगा फोडत बसलेली पारूआत्या म्हणाली, "आमाला कळलं वो सरपंच. आता मोठ्यानं बोला, म्हंजी तुमालाबी कळंल."