द्वारकीच्या विसविशीत टोपल्या

घाट चढून गेलं की जिथे ढग सरळ रस्त्यावर येऊन बसतात, तिथे धुपेवाडी नावाचं एक गाव होतं. गाव लहान होतं, रान मात्र मोठं होतं, आणि मोठ्या रानात काही ना काही घडतच असतं. तिथे जे घडलं ते मी जसंच्या तसं सांगणार आहे. मध्येच "मग काय झालं?" म्हणून विचारायचं नाही. सांगतेच आहे मी.

गावाच्या कडेला, बांबूच्या बेटाला लागून द्वारकी नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. आई बुरुडीण होती. बांबू चिरून त्याच्या पातळ कामट्या काढायच्या आणि त्यांच्या टोपल्या, सुपं विणायची, हा तिचा धंदा. तिची टोपली इतकी घट्ट असायची की राईचा दाणासुद्धा खाली पडायचा नाही. पण एका थंडीत आईची बोटं आखडली. सकाळी मूठ उघडेना आणि संध्याकाळी मिटेना. मग विणायचं काम द्वारकीकडे आलं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

द्वारकीला विणता येत नव्हतं. म्हणजे यायचं, पण विसविशीत. एक कामटी इकडे, दुसरी तिकडे आणि मध्ये ही एवढाली भोकं! बाजारात बायका टोपली उचलून तिच्यातून पलीकडे बघायच्या आणि हसायच्या.

"अगं, यात तांदूळ ठेवायचे की वारा?" मालनकाकू म्हणायची. मालनकाकू म्हणजे शेजारीण. तोंडाची भारी फटकळ. पण यांची चूल थंड आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि मग ती पदराआड भाकरी घेऊन यायची.

न खपलेल्या टोपल्या आढ्याला टांगून ठेवलेल्या असायच्या. वर बघितलं की टोपल्याच टोपल्या, आणि खाली मडक्यात मूठभर कण्या. द्वारकीला फार वाईट वाटायचं. ती रडायचीसुद्धा, पण बांबूच्या बेटात जाऊन, म्हणजे आईला दिसू नये.

श्रावणात एकदा मोठं वारं सुटलं आणि रानातल्या जुन्या जांभळीची एक फांदी कडाडून खाली आली. सकाळी द्वारकी बांबू तोडायला गेली तर वाटेत ही फांदी आडवी. फांदीवर एक रोप होतं. लांब, जाडसर, हिरवीगार पानं आणि बोटासारखी पांढरी मुळं. गावातले लोक त्याला बांडगूळ म्हणायचे. पण ते बांडगूळ नव्हतं हो! बांडगूळ झाडाचा रस पितं. ही होती आमरी. आमरी झाडावर नुसती बसते, झाडाचं काही खात नाही. तिची फुलं उंच फांदीवर फुलायची, आणि गावात मान वर करून बघायला वेळ कुणाला होता?

द्वारकी फांदी ओलांडायला गेली.

"अगं, हळू! पाय देशील माझ्यावर!"

द्वारकी दचकलीच. पानांच्या बेचक्यात एक परी बसली होती. आता परी म्हटलं की तुम्हाला सोन्याची काठी आठवेल. हिच्याकडे काठीबिठी काही नव्हती. करंगळीच्या पेराएवढी इवलीशी परी, अंगात जांभळ्या ठिपक्याठिपक्यांचा पांढराशुभ्र झगा, पाठीला गुलाबी पंखुले. पंखुल्यांना चिखल लागला होता आणि स्वारी चांगलीच वैतागली होती.

"मी झिमुली. या आमरीची परी," ती म्हणाली. "ही फुलली की मी फुलातून उडेन आणि माझ्या घरी जाईन. ही वाळली की मीही वाळेन. आणि बघ ना, दोघी कशा चिखलात पडलोय!"

द्वारकीने पुढचामागचा विचार केला नाही. तिने आमरी अलगद सोडवली, ओच्यात घेतली आणि पंखुल्यांवरचा चिखल आपल्या परकराच्या टोकाने पुसला.

झिमुली जरा खूश झाली. "तू गुणाची आहेस. तुला एक इच्छा देते. पण नियम ऐक हं. इच्छा एकच. ती स्वतःपुरतीच मागायची. दुसऱ्या कुणाला बदलायला मागितलीस तर फुकट जाईल. आणि ही आमरी जिवंत आहे तोवरच मागायची."

"म्हणजे आईची बोटं बरी कर, असं नाही मागता येणार?"

"नाही गं, राणी."

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. ती आपल्या आखडलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "मग हात माग, बाळा. माझे होते तसे हात माग. तू घट्ट विणायला लागलीस की आपली पोटाची काळजी मिटेल."

"मागते," द्वारकी म्हणाली. "आधी पाहुणीची सोय लावू या."

आणि काय सोय लावली म्हणता! चांगलं मोठं मडकं घेतलं. त्यात परसातली मऊ माती, वर शेणखत. मुळं खोल पुरून माती घट्ट दाबली. वारं लागू नये म्हणून मडकं चुलीशेजारी ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घातलं. मालनकाकू आधी म्हणाली, "बांडगूळ कसलं पाळतेस, चुलीत घाल!" पण परीला बघून तीही विरघळली आणि तांदळाचं धुवण ओतून गेली. जावयाचा होत नाही एवढा पाहुणचार झाला.

आमरी मात्र पिवळी पडायला लागली. खालची पानं गळली. मातीला कुबट वास यायला लागला. द्वारकीने माती उकरून पाहिली, तर पांढरी मुळं तपकिरी होऊन मऊ पडलेली. झिमुलीचे गुलाबी पंखुले फिकट फिकट होत चालले होते. ती आता बोलायचीसुद्धा हळू.

"झिमुले, तुला काय हवंय ते सांग ना!" द्वारकीचा जीव कासावीस झाला.

"मला कुठे माहीत?" झिमुली म्हणाली. "तिथे मला कधी काही कमीच पडलं नाही. कमी पडलं असतं तर कळलं तरी असतं."

"मग तुला परत झाडावर ठेवून येऊ?"

"फांदी धरायला मुळं लागतात, द्वारके. माझी तर कुजली. आता वाऱ्याची एक झुळूक आली तरी खाली पडेन मी."

द्वारकी उंबऱ्यावर बसून राहिली. आईला काय बोलायचंय ते दोघींना ठाऊक होतं. आमरी गेली तर इच्छाही जाणार. हात मागायचे तर आत्ता.

द्वारकी उठली. "झिमुले, मागू?"

"माग."

"मला आमरी व्हायचंय. तुझ्या जांभळीवर, तुझ्या जागेवर, वर्षभर राहायचंय."

"आणि हात?" आईच्या तोंडून निघून गेलं.

"हात आहेत की मला. वाकडे आहेत, पण आहेत."

आईने डोळ्यांना पदर लावला. मग ती म्हणाली, "बरं, जा. कण्या शिजेपर्यंत ये."

झिमुलीने टाळी वाजवली. चंदेरी धूळ उडाली आणि द्वारकी नाहीशी झाली.

ती उंच फांदीवर होती. तिला पाय नव्हते, मुळं होती, आणि ती मातीत नव्हतीच! अर्धी जांभळीच्या खरबरीत सालीला बिलगलेली आणि अर्धी हवेत लोंबकळणारी. पाऊस आला, धो धो आला. मुळं चिंब झाली, आणि पाणी ओघळून गेलंसुद्धा. मागोमाग वारा आला आणि त्याने सगळं कोरडं केलं. किती मोकळं वाटलं तिला! सकाळी धुकं यायचं, पांढरं, गारेगार, आणि मुळं ते घोट घोट प्यायची. ऊन यायचं ते पानांतून गाळून, सोनेरी ठिपक्याठिपक्यांचं.

मग पाऊस गेला आणि थंडी आली. पाणीच नाही! पहाटेचं थोडं दव, तेवढंच. द्वारकीला अशी तहान लागली की पानं सुरकुतली. वाटलं, आता संपलं. पण त्या तहानेतच, आत खोल, काहीतरी जागं झालं. हवा तापली, वळवाच्या सरी येऊन गेल्या, आणि पानाच्या बेचक्यातून एक कोवळी दांडी बाहेर आली. तिच्यावर कळ्याच कळ्या.

द्वारकीने डोळे उघडले. ती चुलीपुढे उभी होती. कण्या अजून शिजत होत्या.

"आई, ही गुदमरतेय!" ती ओरडली. "हिला माती नकोच. हिला पाणी हवं, पण थांबलेलं नको. वारा हवा, सगळीकडून. हिला असं भांडं हवं की त्यात काही म्हणता काही टिकणार नाही!"

बोलता बोलता ती थांबली. तिने वर बघितलं. आईनेही वर बघितलं. आढ्याला टोपल्या टांगलेल्या होत्या, विसविशीत, भोकाभोकांच्या.

"अगं बाई!" आई म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

मग काय, धांदल उडाली. कुजलेली मुळं द्वारकीने कोयतीने कापली, आणि कोयती सरकू नये म्हणून आईने आपल्या आखडलेल्या हाताने तिचं मनगट धरलं. टोपलीत जांभळीच्या सालीचे तुकडे, चुलीतले विझलेले कोळसे आणि वर चिमूटभर शेवाळ. उरलेली दोनचार मुळं त्यात मोकळी बसवली आणि टोपली उगवतीकडच्या वळचणीला टांगली. तिथे पहाटे धुकं यायचं आणि फणसाच्या पानांतून गाळलेलं ऊन.

दिवाळीच्या सुमाराला एक हिरवं टोक असलेलं पांढरं मूळ टोपलीच्या भोकातून बाहेर डोकावलं. झिमुली पानाआड झोपली होती. पंखुल्यांवर पुसटशी गुलाबी झाक आली होती.

थंडी पडली आणि द्वारकीने पाणी तोडलं. पहाटे एक शिंतोडा, बस्स. पानं सुरकुतली. मालनकाकू बघून कळवळली आणि तांब्या घेऊन धावत आली.

"कसाई आहेस का गं तू? रोप तहानेनं मरतंय!"

द्वारकी टोपलीच्या आडवी उभी राहिली. "नको, काकू! पाया पडते. ही आत्ता तहानलेली राहिली तरच फुलेल. मी राहिलेय तिथे."

"आणि नाही फुलली तर?"

खरं सांगायचं तर द्वारकीही मनातून घाबरली होती. रोज पहाटे ती वळचणीखाली जाऊन कान लावून झिमुलीचा श्वास ऐकायची. मग घरात येऊन आईशेजारी बसायची आणि विणायची. आई तोंडाने सांगायची, ती हाताने करायची. चुकलं की उकलायची आणि पुन्हा विणायची.

हवा तापली. वळवाच्या सरी आल्या. आणि एका सकाळी पानाच्या बेचक्यात पोपटी नखुलं दिसलं. नखुल्याची दांडी झाली, दांडीवर मोत्यांसारख्या कळ्या आल्या, आणि वैशाखातल्या एका लख्ख सकाळी आमरी फुलली. पांढऱ्या पाकळुल्या, त्यांवर जांभळे ठिपके, फुलाला फूल लागून भरगच्च वेणीच जणू वळचणीला लोंबत होती. मंद गोड वास दारापर्यंत आला. सगळी धुपेवाडी मान वर करून बघत राहिली.

सगळ्यात वरच्या फुलातून झिमुली बाहेर आली. पंखुले गुलाबी, लखलखीत.

"द्वारके, वेडाबाई," ती म्हणाली, "इच्छा स्वतःसाठी मागायची होती ना?"

"स्वतःसाठीच मागितली," द्वारकी म्हणाली. "मला तू जिवंत हवी होतीस." आणि तिला रडू फुटलं. या वेळी ती बांबूच्या बेटात गेली नाही.

झिमुलीने तिच्या गालावरचं पाणी आपल्या पंखुल्याने टिपलं. "दुसरी इच्छा द्यायला माझ्याकडे नाही. पण आढ्यावरच्या टोपल्या उकलू नकोस हं. त्यांच्यात साल आणि कोळसे भर आणि त्याही वळचणीला टांग."

ती गिरक्या घेत वर गेली. तिच्या झग्यातून पिठासारखी सोनेरी धूळ झरली. मग एकदम उजेड झाला, पांढरा, गुलाबी, जांभळा. डोळे दिपले सगळ्यांचे. उजेड विरला तेव्हा परी नव्हती.

झिमुलीने सांगितलं तसं द्वारकीने केलं. पावसाळ्यात छपरावर बसलेली ती सोनेरी धूळ टोपल्यांत ओघळली, प्रत्येक टोपलीत बारीक हिरवे ठिपके दिसले, ठिपक्यांची पानुकली झाली. लोक फांदीसकट पडलेल्या आमऱ्या रानातून उचलून आणायला लागले आणि घरोघरच्या वळचणींना टांगायला टोपल्या विकत घ्यायला द्वारकीकडे यायला लागले. साल कुठली, ऊन कुठलं, पाणी कधी तोडायचं, ते ती प्रत्येकाला सांगायची. घरातल्या मडक्यात कण्यांच्या जागी तांदूळ आले, तेही काठोकाठ. आईची बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत, पण चुलीच्या उबेला बसून ती आता सालीचे तुकडे करायची, आणि त्याला घट्ट मूठ लागत नव्हती.

विणता विणता द्वारकीचा हात बसला. एके दिवशी तिने अशी सुरेख टोपली विणली की तिच्यातून राईचा दाणा पडला नसता. आईने ती चारचौघींना दाखवली. द्वारकी मोठ्या ऐटीत ती घेऊन बाजारात बसली.

मालनकाकू आली. तिने टोपली उचलली, डोळ्याला लावली, फिरवून फिरवून बघितली आणि खाली ठेवली.

"ही कसली गं? हिला तर भोकंच नाहीत," ती म्हणाली. "मला ती तुझी विसविशीत दे."