आटणाऱ्या विहिरीचं घर

फार पूर्वी, घरांना नंबर नव्हते आणि माणसाचं नाव हाच त्याचा पत्ता असायचा, त्या काळी एका गावात एक म्हातारा तांबट राहत होता. त्याने ठोकलेले हंडे पंचक्रोशीतल्या घराघरांत होते. पण आता हात थरथरायचे. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या श्रावणात विहिरीच्या काठावर पाय घसरून तो पडला, तर दोन तास कुणाला कळलंसुद्धा नाही.

नदीपलीकडच्या गावात दिलेली मुलगी धावत आली. "बाबा, आता पुरे झालं. घर विका आणि माझ्याकडे चला. या दिवाळीला तुम्ही माझ्या घरात हवेत."

तांबटालाही एकटेपणाची भीती वाटू लागली होती. पण कुलूप घालून निघून जायला मन होईना. बंद घरांचं वाळवी काय करते, ते त्याने पाहिलं होतं. घरात कुणीतरी नांदतं बघायचं आणि मगच निघायचं, असं त्याने ठरवलं.

गावात घरांचे सौदे जमवणारा एक दलाल होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. अण्णांची रीत मोठी तऱ्हेवाईक. घर विकायला कुणी आलं की ते आधी विचारायचे, "घराची खोड काय?" आणि गिऱ्हाईक आलं की त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवून पहिल्यांदा ती खोड सांगायचे. छप्पर गळतं, माजघरात दिवसाही दिवा लागतो, शेजारीण भांडखोर आहे, काही म्हणजे काही पोटात ठेवायचे नाहीत. शेजारणीच्या देखत सांगायचे! लोक हसायचे, "हे दलाल आहेत की घराचे वैरी?"

तांबट त्यांच्याकडे गेला. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"विहीर," तांबट म्हणाला. "चैत्र लागला की आटते. पाऊस पडेपर्यंत ठणठणीत कोरडी."

"बरं. मग हे आधी सांगावं लागेल."

"अहो अण्णा, आत्ता भाद्रपद आहे! विहीर काठोकाठ भरलीय. चैत्राचं आत्ताच कशाला उकरून काढता?"

"मग दुसरा दलाल बघा, तांबटबुवा," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता.

राग आला तो तांबटाला. एवढ्या वर्षांची ओळख, आणि वेळेला हे असं! तरातरा घरी येऊन त्याने तालुक्याच्या बाजारातला एक दलाल बोलावून घेतला. हा अत्तर लावायचा आणि बोलायचाही तसाच. त्याने भिंतींना चुना फासायला लावला, दाराला मण्यांचं तोरण बांधलं, आणि विहिरीत डोकावून टाळीच वाजवली. "अहो, ही तर घराची शान! गिऱ्हाईक आलं की आधी इथेच आणायचं. तुम्ही नुसतं हसायचं, बोलायचं काम माझं."

आठवडाभरातच एक रंगारी आणि त्याची बायको घर बघायला आली. दोघांचे हात कोपरापर्यंत निळे. आधीच्या गावातलं पाणी खारं झाल्यामुळे त्यांचा रंग सुताला धरेना, म्हणून ती गाव सोडून निघाली होती. भरलेली विहीर पाहून रंगाऱ्याचा चेहरा उजळला.

"उन्हाळ्यात कसं असतं पाणी?" बायकोने विचारलं.

"बारमाही!" अत्तरवाला म्हणाला.

ती तांबटाकडे वळली. "आजोबा, तुम्ही सांगा. तुम्ही राहिलात इथं."

तांबटाने ठरल्याप्रमाणे हसायला तोंड उघडलं, पण हसू फुटेना. त्याला आठवली त्याची बायको. चाळीस उन्हाळे ती पहाटे उठून नदीवर जायची, डोक्यावर एक हंडा आणि कमरेवर कळशी, दोन्ही त्यानेच घडवलेली. तो म्हणायचा, अगं, लहान भांडी करून देतो. ती म्हणायची, असू द्या, दोन खेपा वाचतात. विहिरीला तिने कधी बोल लावला नाही. "दमलीय बिचारी," एवढंच म्हणायची. आता ही निळ्या हातांची बाई तसंच पाणी वाहणार, आणि तेही रंगाच्या पिंपांना पुरेल इतकं!

"आटते गं पोरी," तो म्हणाला. "चैत्र ते मृग, थेंब नसतो. तुमच्या धंद्याला हे घर उपयोगाचं नाही."

रंगाऱ्याने वाकून नमस्कार केला आणि दोघं निघून गेली. अत्तरवाला मात्र लालबुंद झाला. "अशा तोंडाने घरं विकली जात नसतात!" असं म्हणून तो तरातरा निघाला. जाताना तोरणसुद्धा सोडून घेऊन गेला.

आश्विन उजाडला. मुलीचे निरोपावर निरोप येत होते आणि तांबट ओसरीवर नुसता बसून होता. अण्णांकडे जायला आता तोंड नव्हतं.

एका सकाळी अण्णा स्वतःच आले. "काय तांबटबुवा! तुमचा रंगारी भेटला. नदीकाठचं घर दिलं त्याला. म्हणाला, एका म्हाताऱ्याने आमच्यासाठी स्वतःचा सौदा मोडला."

"सौदा मोडला, आणि मीही इथेच अडकलो, अण्णा. त्या खोडीपायी आता कोण येणार?"

"अहो, खोडीवरूनच तर गिऱ्हाईक सापडतं!" अण्णा हसले. "घराची खुबी सगळ्यांनाच आवडते, तिचा मला काय उपयोग? चैत्रात पाणी नाही म्हणालात, तेव्हापासून मी चैत्रात गावात नसणारा माणूस शोधतोय. आणलाय, बघा."

बाहेर दोन बैलगाड्या उभ्या होत्या आणि त्यांत पाय वर करून पडले होते रंगीत लाकडी घोडे. जत्रेतला फिरता पाळणेवाला, त्याची बायको आणि तीन पोरं! अण्णांनी त्यांना रीतसर उंबऱ्याबाहेर थांबवून खोड सांगितली. पाळणेवाल्याची बायको हसतच सुटली.

"चैत्रात आम्ही असतोय कुठं? पौषात निघायचं, जत्रा करत करत मृगाला माघारी यायचं. पावसाळ्यात हे घोडे ठेवायला कुणी जागा देत नाही, आजोबा. म्हणतात, फिरस्त्यांचं काय खरं!"

भांडी ठोकायच्या लांबलचक पडवीत घोडे ओळीने उभे राहिले, जणू ती त्यांच्यासाठीच बांधली होती. तांबटाने एकाच्या मानेवरून हात फिरवला. लग्नाच्या पहिल्या वर्षी जत्रेत त्याची बायको लुगडं सावरत अशाच घोड्यावर बसली होती. पाळणा फिरू लागला तशी घाबरून, सगळ्यांदेखत, शेजारच्या घोड्यावरच्या नवऱ्याचा हात तिने घट्ट धरला होता. घरी येऊन दोन दिवस लाजत होती. किती छोटी गोष्ट! पण त्याला ती कालची वाटली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मुलीकडची गाडी आली. तांबटाने किल्ली दिली. पाळणेवाल्याची बायको दारापर्यंत आली आणि म्हणाली, "विहीर आणि आम्ही एकदमच परतू, आजोबा. पावसाळ्यात राहायला या."

निघताना रडू येईल, असं तांबटाला वाटलंच होतं. आलंही. पण ते घर सुटलं म्हणून नव्हे. गेल्या दोन वर्षांत त्या दारात उभं राहून त्याला कुणी 'या' म्हटलं नव्हतं.

तात्पर्य इतकंच: घराची खोड लपवू नये. ती ऐकून जो निघून जातो, तो तिथे सुखाने नांदणार नव्हताच; आणि ऐकूनही जो आत येतो, घर त्याचंच असतं.