राजाची मूठ आणि भुरीची धार

"सुटला!"

धप्पकन आवाज झाला, धूळ उडाली आणि राजा जैतपाळ आपल्या रिकाम्या मुठीकडे बघत उभा राहिला. पुढ्यात आजोबांचा नाल पडला होता. जात्याएवढा गोल दगड, मध्ये भोक आणि त्या भोकात धरायला कोरलेली मूठ. आजोबा दर दसऱ्याला तो एका हाताने छातीपर्यंत उचलायचे. नातवाच्या हातून मात्र तो गुडघ्यापर्यंत यायचा आणि निसटायचा. आणि दसरा महिन्यावर आलेला!

"खुराक कमी पडतोय, सरकार," तालमीचे भैरू वस्ताद ढेकर देत म्हणाले.

झालं! राजा मुळातच हट्टी. लगेच दवंडी पिटली, नाल उचलला जाईपर्यंत गावातलं सगळं दूध रोज वाड्यावर आणायचं, थेंबभरही मागे ठेवायचं नाही!

येसू गवळण तीन दिवस चरव्या भरून वाड्यावर घेऊन गेली. तिथल्या चाळीस पैलवानांनी त्या मिशा पुसत रिकाम्या केल्या. तिसऱ्या संध्याकाळी भुरी म्हशीचं रेडकू रिकामं आचळ चोखून दमलं आणि येसूचा पदर चघळायला लागलं. शेजारचं तान्हं नुसत्या पेजेवर रडत होतं. येसूचं डोकं तापलं.

चौथ्या दिवशी तिने बाराच्या बारा म्हशी हाकत थेट राजाच्या अंगणात नेल्या. रेडकंही मागोमाग.

"हे काय? दूध कुठाय?" राजा गरजला.

"आणलंय की, सरकार! थेंबभरही मागे ठेवलं नाही. सगळं यांच्या पोटात आहे. आणायचा हुकूम होता, काढायचा नव्हता!"

"काढा रे!" वस्ताद ओरडले.

चाळीस पैलवान म्हशींवर तुटून पडले. एकाला शेपटीचा फटका बसला, दुसरा शेणात बसला, तिसऱ्याने कशीबशी चार धारा काढल्या आणि "आई गं, बोटं वळली!" म्हणून हात झटकत पळाला.

"सरा बाजूला!" राजाने बाही सारली. अर्धी वाटी दूध निघालं आणि त्याची मूठ मिटेना की उघडेना!

मग येसू बसली. "भुरे, उभी राहा गं सरळ," म्हणत तिने गप्पा मारता मारता चरवी फेसाने काठोकाठ भरली. राजा तिच्या बारीक मनगटाकडे बघतच राहिला.

"सरकार, राग मानू नका," येसू म्हणाली. "तीन दिवस दारात उभी राहून बघतेय. तुमची पाठ हत्तीची आहे. नाल उठतोय, पण मूठ उघडतेय! दूध पिऊन मूठ घट्ट झाली असती, तर नाल माझ्या रेडकानेच उचलला असता!"

कुणीतरी खुदकन हसलं. राजाचे कान लाल झाले.

"फार बोलतेस! मग दसऱ्याला माझ्या हातून नाल उचलवून दाखव. नाही जमलं, तर या बाराही म्हशी तालमीच्या!"

येसूने म्हशींकडे पाहिलं. या बारा म्हशी म्हणजे तिचं सगळं घर. पण रेडकू अजून पदर ओढत होतं.

"दाखवते! अट एकच. तुम्ही आणि तुमच्या पैलवानांनी स्वतः काढलं तेवढंच दूध प्यायचं. उरलेलं गावाचं."

"कबूल!"

दुसऱ्या दिवसापासून राजा पहाटे गोठ्यात हजर.

"बोटांना लोणी लावा," येसू म्हणाली.

"लोणी? मग निसटेल की!"

"निसटू द्यायचं नाही, तेवढंच तर शिकायचंय! आणि चिमटीत नाही, मुठीत धरा. करंगळीसुद्धा कामाला लावा!"

भुरीने लाथ झाडली. राजा गवतात उताणा!

"मी राजा आहे!"

"तिला ठाऊक नाही, सरकार. आणि ठाऊक असतं तरी मारलीच असती!"

पहिल्या दिवशी राजाला अर्धी वाटी दूध मिळालं. आठवड्याने एक म्हैस पुरी झाली, मग तीन, मग पाच. दुखऱ्या हातांना मधे एखादा दिवस सुट्टी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजाने बाराही म्हशी काढल्या, आपल्यापुरतं ठेवून बाकी दूध गावात वाटलं आणि वर भुरीला गाणं म्हणून दाखवलं!

दसऱ्याला सगळं गाव लोटलं. वस्तादांनी नालाला शेंदूर लावला, फुलं वाहिली आणि मुठीवर तेलाची अख्खी वाटी ओतली.

"अहो वस्ताद, तेल?" येसू किंचाळली.

"रीत आहे, पोरी! चाळीस वर्षं ओततोय," वस्ताद शांतपणे म्हणाले.

तेल ओघळत होतं. येसूला आपल्या म्हशी तालमीच्या दावणीला दिसायला लागल्या. राजाने नालाच्या मुठीला हात घातला. ती बुळबुळीत लागली आणि त्याचा चेहरा पडला. त्याने येसूकडे पाहिलं.

"सरकार!" येसू जिवाच्या आकांताने ओरडली. "भुरी समजा!"

राजा फस्सकन हसला. करंगळीपासून एकेक बोट आवळलं. नाल उठला. गुडघा, कंबर, छाती! तेल कोपरापर्यंत आलं, पण मूठ उघडली नाही!

"बघितलंत?" वस्ताद घाईने पुढे आले. "शेवटी दुधाचीच ताकद!"

"खरंय, वस्ताद," येसू म्हणाली. "तुम्ही तर चाळीस वर्षं पिताय. आता तुमची पाळी!"

वस्ताद नालाकडे बघत दोन पावलं मागे सरले. राजाला असं हसू फुटलं, की नाल खाली ठेवावा लागला! त्याने दुधाचा हुकूम तिथल्या तिथे रद्द केला, मनगटातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं आणि म्हणाला, "आजपासून तालमीची वस्ताद तू! अजून काय हवं ते माग."

"एकच, सरकार. भुरी आता माझ्या हाताला दूधच सोडत नाही. उद्या पहाटे वेळेवर या, आणि गाणं विसरू नका!"