पट्ट्याचा निळा दोरा

दुर्बिणी बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. चैत्रभर एक दुर्बीण मालकिणीच्या गळ्यातून अभयारण्यात फिरायची आणि संध्याकाळी ओसरीतल्या खुंटीवरून अंगणातल्या पेरूला ऐकवायची, "आज गरुड पाहिला!"

"माझ्या पानांतही बघ की, बाई," पेरू म्हणे.

"जवळचं मला धूसर दिसतं. असून असून काय असणार तिथे?"

एका सकाळी चिमुकल्या शिंपी पक्षिणीने दुर्बिणीच्या निळ्या पट्ट्यातला दोरा ओढून नेला. "चोरटी मेली!" दुर्बीण ओरडली.

महिना सरताना मालकिणीने लांब कुंपणापाशी उभं राहून दुर्बीण पेरूकडे वळवली. दोन पानं टाके घालून शिवलेली होती. आत इवल्याशा चोची उघडल्या होत्या. टाके निळे होते.

दुर्बीण हळूच म्हणाली, "शिंपीणताई, आणखी दोरा लागेल का?"