टोपीपाशी थांब

"पण आधी काय, मामा? टायर, की विंच?"

बाबालाल मुल्लाणी मान खाली घालून एक जुना नट डिझेलच्या डब्यात बुडवत होते, ब्रशानं घासत होते, परत बुडवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मामा…"

"ऐकू आलंय."

परागनं दात आवळले. सलग तिसरा रविवार होता हा. पहिल्या रविवारी म्हाताऱ्यानं त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. दुसऱ्या रविवारी चहासुद्धा नव्हता.

पराग शिंत्रे कोल्हापुरात राहायचा. शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकामाची तपासणी करायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी, चारही चाकांना ताकद जाणारी दांडगी गाडी घेतली होती. सोमवार ते शनिवार त्याच गाडीतून सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, मग कामावर जायचं, येताना भाजी आणायची. आणि रविवार आला की चारपाच मित्रांबरोबर तीच गाडी डोंगरात न्यायची.

गणपती होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा ही गाडी कळे गावाच्या पुढं, धनगरवाड्याच्या चढणीला चिखलात रुतली. दुसऱ्याच्या गाडीला दोर बांधून तिला बाहेर ओढावं लागलं. मित्र हसले, एकानं चित्रीकरणही केलं. परागला रात्रभर झोप आली नाही.

तेव्हापासून त्याच्या मोबाइलवर एक यादी होती. चिखलाचे टायर, रुतलेली गाडी ओढून काढायचा विंच, गाडी उंच करायचे स्प्रिंग, पुढचा लोखंडी बंपर, पोटाखालची जाड पत्र्याची ढाल, पाण्यातून जायचं नळकांडं, छतावरचे दिवे… अशा नऊ गोष्टी. या वर्षीच्या बोनसमध्ये त्यातल्या फार तर दोन बसत होत्या. कुठल्या दोन, एवढंच त्याला कळत नव्हतं. इंटरनेटवर दहा जणांनी दहा उत्तरं दिली होती.

मग कुणीतरी बाबालालमामांचं नाव सांगितलं. तीस वर्षं त्यांनी वरच्या सड्यावरच्या खाणीची जीप चालवली होती, आणि मोडली की तिथंच उघडून दुरुस्तही केली होती. आता चढणीच्या अलीकडं, रस्त्यालगत त्यांची पत्र्याची शेड होती. माणूस पाऊणशे वर्षांचा, पण त्याचा शब्द अख्ख्या तालुक्यात मानायचे.

शब्द निघाला तर ना, असं परागच्या मनात आलं.

"मामा, पुढच्या रविवारी आम्ही सगळे बावड्याच्या बाजूला निघालोय. त्याच्या आत काहीतरी बसवायला पाहिजे. तुम्ही फक्त नाव सांगा. मी आणतो."

मामांनी नट फडक्यावर ठेवला. हात पुसले.

"कुठं रुतली हुती?"

"इथंच की. धनगरवाड्याच्या चढणीला."

"चल, दाव."

* * *

चढण शेडपासून दोन किलोमीटरवर होती. पराग चालवत होता, मामा शेजारी बसले होते. पहिल्या वळणावर परागनं ब्रेक दाबला, तशी पुढच्या चाकातून किर्र आवाज आला.

"ह्यो कसला आवाज?"

"तो होय… पावसाळ्यात गंज धरतो, मामा. सगळ्यांच्याच गाड्यांना येतो."

"कवापास्नं येतोय?"

"असेल महिना, दीड महिना."

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. "हळू घे," एवढंच म्हणाले.

पायथ्याला पोचल्यावर परागनं गिअर टाकला. मामांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"उतर. चालत वर जाऊन ये."

"चालत? कशाला?"

"बघून ये."

"काय बघू?"

मामांनी हनुवटीनं चढण दाखवली.

पराग गेला. चढण फर्लांगभर असेल. लाल चिखल, मधेच जांभा दगड, दोन्ही बाजूंना कारवीचं रान. तो वर गेला आणि खाली आला. नवेकोरे, जाड तळाचे बूट घोट्यापर्यंत माखले होते.

"काय बघितलंस?"

"चढ आहे. चिखल आहे."

"हे तर हितनं बी दिसतंय. परत जा."

परागनं ओठांवर आलेलं गिळलं. हा माणूस मिस्त्री आहे की शाळेतला मास्तर, असं त्याला झालं. तो परत चढला. या वेळी रागारागानं, त्यामुळं पाय घसरला आणि हात टेकावा लागला. हात टेकला तो दगडावर. चिखलाखाली दगड होता, रुंद आणि सपाट.

खाली आल्यावर तो म्हणाला, "डाव्या बाजूला चाकोरी खोल गेलीय. मी त्या दिवशी तिच्यातच घातली होती. उजव्या अंगाला खाली दगड आहे."

"किती लांब?"

"ते नाही बघितलं."

"मग?"

तिसऱ्यांदा तो निघाला. दर चार पावलांवर टाच आपटून बघत गेला. येताना मधेच थांबून एक लांबशी फांदी बाजूला टाकली. खाली आला तर मामा पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि सूं… असा आवाज येत होता.

"मामा, हवा काढताय?"

"व्हय."

"अहो, कालच भरलीय. मोजून."

"मोजूनच काढतोय."

त्यांनी काडीनं व्हॉल्व्ह दाबून धरला होता आणि कान लावून ऐकत होते. टायर खालून पसरला, पायताण झिजल्यासारखा दिसायला लागला. चारही चाकांचं असंच केलं. मग उभे राहिले आणि परागच्या पायांकडं बोट दाखवलं.

"ते काढ."

"बूट?"

"तळव्याला कायतरी कळू दे."

पराग अनवाणी गाडीत बसला. आपली नक्कीच चेष्टा चाललीय, अशी त्याची खात्री झाली होती. ॲक्सिलरेटरचा गार लोखंडी तुकडा तळव्याला लागला. त्यानं सवयीनं दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल काचेवर उडाला.

"रेड्यागत नको. म्हशीगत चल."

परागनं पाय सैल सोडला. मग अंगठ्यानं दाबावं इतकंच दाबलं. इंजिनचं हलकं थरथरणं पहिल्यांदाच त्याच्या पायाला कळलं. गाडी हलली. उजवं चाक दगडावर आलं, दगड संपला तिथं त्यानं थोडं डावीकडं घेतलं, परत उजवीकडं… महिन्यापूर्वी रुतलेली जागा केव्हा मागं पडली, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. मऊ पडलेले टायर चिखलाला धरून वर चढत राहिले.

आणि एकदम समोर सगळं मोकळं झालं. सड्याचं सपाट पठार, त्यावर पिवळी फुलं, आणि दूरवर एकही माणूस नाही.

पराग हसला. पोटातून हसला.

"म्हणजे मामा, काहीच बसवायला नको होतं?"

"आसं कोण म्हणालं?"

"अहो, आत्ताच तर…"

"चढलास. एवढंच झालं."

परागचं हसू मावळलं. हा माणूस 'हो' म्हणत नव्हता, 'नाही' म्हणत नव्हता. पण अंगात आता जोर आला होता, त्यामुळं त्याची जीभ सुटली. या टायरवर एवढं जमलं, तर चांगले टायर टाकल्यावर काय होईल. पलीकडची चढण याहून अवघड आहे, तीही जमेल. मग स्प्रिंग. स्प्रिंग टाकले की गाडी चार बोटं वर येईल…

मामांनी दार उघडलं आणि खाली उतरले.

ते सड्यावरून सरळ चालत निघाले. शंभरेक पावलांवर थांबले. डोक्यावरची पांढरी टोपी काढली, जांभ्यावर ठेवली. तिच्यापासून दोन हातांवर, पलीकडं, परागकडं तोंड करून उभे राहिले.

"ये," त्यांनी हाक दिली. "गावातनं येतोस तशी आण. टोपीपाशी थांब."

हे काय नवीन, असं म्हणत परागनं गाडी सोडली. शाळेच्या रस्त्यावर असतो तेवढाच वेग. जमीन कोरडी होती, सपाट होती. टोपी जवळ आली. त्यानं ब्रेक दाबला.

किर्र…

गाडी हळू झाली, पण थांबली नाही. त्यानं अजून दाबला. अनवाणी पायाखाली काहीतरी लोखंडावर लोखंड घासल्यासारखं खरवडलं. टोपी बंपरखाली दिसेनाशी झाली. समोर मामा उभे होते.

"मामा…"

म्हातारा एक पाऊल बाजूला सरला. नुसतं एक. गाडी त्याच्या कुडत्याला वारा घालून पुढं गेली आणि सहासात हातांवर जाऊन थांबली.

परागचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. कानात सूं आवाज होत होता. आरशात मामा दिसत होते. ते वाकून टोपी उचलत होते. तिच्यावर टायरचा लाल पट्टा उमटला होता. त्यांनी ती झटकली आणि डोक्यावर घातली.

मग येऊन खिडकीशी उभे राहिले.

"पोरगी किती वर्षांची तुझी?"

"सात."

"कुणी दिसलं तर रस्त्यात पळती?"

परागला मैत्रेयी दिसली. शाळेच्या दारात मैत्रीण दिसली की हात सोडून सुटणारी. तिच्यासारख्याच आणखी तीस-चाळीस पोरी. आणि त्यांच्यामधून रोज सकाळी आठला आपण हीच गाडी घेऊन जातो. दीड महिना.

"पळते," तो म्हणाला.

मामांनी मान हलवली.

* * *

मागच्या चाकांना दगड लावून मामांनी पुढचं चाक काढायला सांगितलं. परागनंच काढलं. आत बोट घालून मामांनी त्याला दाखवलं. ब्रेकच्या पट्टीवरचा, चकतीला धरणारा मसाला पार झिजून गेला होता, नुसता पत्रा राहिला होता. त्या पत्र्यानं चकती खरवडून तिच्यावर नांगरल्यासारख्या रेघा पडल्या होत्या.

पराग रोज शेकडो ओतीव भाग हातात घेऊन बघायचा. केसाएवढी चीर दिसली तरी माल परत पाठवायचा. फौंड्रीत त्याच्या नजरेची ख्याती होती. तो त्या चकतीकडं बघत राहिला.

"सांगायचं होतं ना, मामा. खाली आवाज आला तेव्हाच."

"इचारलं की मी. गंज हाय म्हणालास."

"तुम्ही म्हणायचं, गंज नाही म्हणून."

"ऐकलं असतंस?"

परागनं चाक उचलून परत जागेवर चढवलं. मग म्हणाला, "आणि तुम्ही समोर उभे राहिलात."

"मला ठावं हुतं ती थांबणार न्हाई ते." मामांनी चाकाचा शेवटचा नट आवळला. "तुला ठावं न्हवतं."

उतारावर मामांनी स्वतः गाडी घेतली. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं. ब्रेकवर त्यांनी एकदाही पाय ठेवला नाही. पराग शेजारी बसून त्यांच्या पायांकडं बघत होता. पायथ्यापासून शेडपर्यंत सायकलवाले त्यांना मागं टाकून पुढं गेले. एकानं "काय मामा, पेट्रोल संपलं का?" म्हणून विचारलंसुद्धा. मामांनी त्याला हात केला.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी कोपऱ्यातला पायानं मारायचा पंप परागच्या पुढ्यात टाकला.

"काढलेली हवा भर."

"गाडी तर आता उभीच राहणार, मामा."

"उभी गाडी बसक्या चाकावर ठिवत्यात व्हय?"

चार चाकं भरायला पाऊण तास लागला. पिंढऱ्या भरून आल्या. मामा परत त्यांच्या नटाशी जाऊन बसले होते. पहिल्या चाकाला परागला अजून राग येत होता, मामांचा, मित्रांचा, चित्रीकरण करणाऱ्याचा. चौथ्या चाकापर्यंत राग येण्याजोगा फक्त एकच माणूस उरला होता.

"पट्ट्या आणि चकत्या कोल्हापुरातनं मागवाव्या लागतील," मामा म्हणाले. "मागच्या चाकांचं बी बघतो. बुधवारपर्यंत गाडी हितंच ऱ्हाईल."

"उद्या शाळा आहे."

"बस न्हाई तुमच्याकडं?"

"आहे."

परागनं बायकोला, केतकीला फोन लावला. उद्या गाडी नाही, मैत्रेयीला बसनं सोडूया, असं सांगितलं. काय झालं, असं तिनं विचारलं. त्यानं जे होतं ते सगळं सांगितलं. "घरी ये," एवढंच ती म्हणाली.

फोन खिशात ठेवून त्यानं किल्ली काढली आणि मामांपुढं धरली. मामांनी ती न बघताच खिळ्याला अडकवली.

रस्त्यावर कोल्हापूरची एसटी येताना दिसली. पराग निघाला. शेडच्या बाहेर गेला, आणि परत दोन पावलं मागं आला.

"मामा… रविवारचं काय करू? ते सगळे निघणारच आहेत. मी जाऊ का?"

बाबालाल मुल्लाणींनी ब्रश डब्यात ठेवला. पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडं नीट बघितलं.

"थांबता आलं, की जा."